जिन्यातला वारा आणि थोरलीच्या मेणबत्त्या

थोरलीला सगळे थोरलीच म्हणतात. घरात ती थोरली जाऊ, म्हणून थोरली. पुढे ते नाव उंबरठा ओलांडून गल्लीत गेलं आणि तिथेच रुजलं. दूधवाला थोरली म्हणतो, कोपऱ्यावरचा किल्ल्या करणारा थोरली म्हणतो. एकदा बँकेतल्या कारकुनानंही काचेमागून "थोरली, इथे सही" असं म्हटलं आणि मग जीभ चावली.

उभं आयुष्य तिनं इस्पितळाच्या धुलाई विभागात काढलं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिच्या इस्त्रीखालून जायचं. तिथल्या वाफेत माणूस माणसाला दिसत नसे, पण थोरलीच्या चादरीवर सुरकुती शोधून काढणाऱ्याला चहा मिळेल अशी तिची पैज असायची. तो चहा कधी कुणाला मिळाला नाही. मग ती निवृत्त झाली. फुलांचा गुच्छ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या लक्षात आलं की आता आपल्याला कुठेच जायचं नाही.

तिचे हात शिवशिवायचे. घरातल्या चादरींना इस्त्री झाली, पडद्यांना झाली, फडक्यांनाही झाली. नवरा आयुष्यभर बस चालवून तिच्या आधी दोन वर्षं घरी बसलेला. तो एका सकाळी पेपर शोधायला गेला, तर पेपरही इस्त्री करून, घडी घालून टेबलावर ठेवलेला.

"अगं, बातम्या तरी चुरगळलेल्या राहू दे," तो म्हणाला. "त्या तशाच असतात."

थोरली हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसू लागली. तो सकाळी एकदा पुसून झालेला होता. ड्रायव्हरनं ते पाहिलं आणि त्या संध्याकाळी लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या शहरात होती. तिनं फार विचार केला नाही. एक जडशीळ खोकं पाठवून दिलं. आत पामतेलापासून बनवलेल्या मेणाची पिशवी, पत्र्याचे साचे, वातींचं बंडल, रंगाच्या वड्या आणि एक उष्णतामापक. वर एक चिठ्ठी: आई, सगळ्यांच्या चादरी सरळ केल्यास, आता जरा मेणबत्त्या कर.

पिशवीवर एका मेणबत्तीचं चित्र होतं. साधी गुळगुळीत नव्हे. सबंध अंगावर पिसांसारखी, फुलांसारखी नक्षी उमटलेली, जणू थंडीच्या सकाळी काचेवर दहिवर गोठलंय. थोरलीनं ते चित्र चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं.

"ही नक्षी कोरायची कशानं?" तिनं लेकीला फोनवर विचारलं.

"कोरायची नाही गं आई. या मेणाची ती आपोआप येते. निवता निवता."

"आपोआप काही येत नसतं," थोरली म्हणाली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली होती.

आणि खरंच, आपोआप काही आलं नाही. पहिली मेणबत्ती साच्यातून निघाली ती साबणाच्या वडीसारखी. नक्षीचा मागमूस नाही, वर पांढुरके चट्टे. दुसरीही तशीच. ड्रायव्हरनं ती हातात घेऊन उलटसुलट केली. "आंघोळीला बरी आहे," म्हणाला.

थोरलीनं शेगडीशी ठाण मांडलं. मेण वितळलं की लगेच ओतायची तिला घाई व्हायची. इस्पितळात घाईचीच सवय लागलेली. मग एकदा मेण गॅसवर असताना दारात कुणीतरी आलं, बोलण्यात वेळ गेला, पाण्याच्या पातेल्यात ठेवलेलं मेणाचं भांडं पार कढत झालं. तसंच ओतलं. ती मेणबत्ती निघाली तेव्हा खालच्या बाजूला, बोटभर रुंदीत, पाच-सहा पिसं उमटली होती. थोरलीनं त्यावरून अंगठा फिरवला. खरखरीत नाही, गुळगुळीतही नाही. मग तिनं ओळखलं की या मेणाला भरपूर उष्णता लागते, आणि गार पत्रा त्याला अजिबात खपत नाही. तिनं साचे आधी छोट्या ओव्हनमध्ये शेकून घ्यायला सुरुवात केली. नक्षी बोटभराची वीतभर झाली.

एक खोड गेली की दुसरी हजर. वरून देखणी दिसणारी मेणबत्ती पेटवली आणि घटकाभरात ज्योत धपकन आत बुडाली. आत पोकळी होती. मेण निवताना वरचा पापुद्रा आधी धरतो आणि खाली खड्डा राहतो, हे तिला सुरी घेऊन मेणबत्ती उभी चिरल्यावर समजलं. मग ती पापुद्रा धरू लागला की विणकामाच्या सुईनं वातीच्या आजूबाजूला भोकं पाडायची आणि त्यात पुन्हा कढत मेण ओतायची. पुढे एकदा घाई नडली. लवकर निवावी म्हणून तिनं साचा फ्रीजमध्ये ठेवला. बाहेर काढला तेव्हा आतून 'टक्' असा आवाज आला आणि मेणबत्तीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

"इंजिन गरम असताना गार पाणी ओतलंस," ड्रायव्हर म्हणाला. "आमचे यासाठी पगार कापायचे."

"उंटावरून शेळ्या हाकू नका. साचा धरा."

तो साचा धरायचा. त्याला हे सगळं आवडू लागलं होतं. घरात पुन्हा कुणीतरी कुणाला तरी ओरडत होतं.

आता घराविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं घरामुळेच घडलं. दोन भावांचं ते दुमजली घर. खाली थोरली आणि ड्रायव्हर. वर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकटा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. त्याच्या बायकोला, ओघानंच, सगळे धाकटी म्हणतात. ती लहान मुलांचे कपडे शिवते. दोन्ही मजल्यांना मिळून एकच जिना. तो थोरलीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उतरतो. भाऊ रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून चहा पितात. पण जावांमधून विस्तव जात नव्हता.

कारण क्षुल्लक नव्हतं. धाकटीचा एकुलता एक मुलगा लहानपणापासून काकूच्या, म्हणजे थोरलीच्या, मागेमागे असायचा. मोठा झाला आणि त्याला मालवाहू जहाजावर नोकरी मिळाली. आई जाऊ देणार नाही, याची त्याला खात्री. त्यानं काकूला सांगितलं आणि शपथ घातली: सगळं पक्कं होईपर्यंत आईला बोलायचं नाही. थोरलीनं ताकास तूर लागू दिली नाही. धाकटीला कळलं ते त्याची बॅग भरलेली पाहिल्यावर, आणि काकूला आधीपासून माहीत होतं हे कळलं त्याच्याच तोंडून, निघता निघता.

धाकटी तेव्हा एकच वाक्य बोलली होती. "माझ्या पोराचं गुपित तुमच्या पोटात होतं, आणि रोज माझ्याच हातचा चहा पीत होतात." त्यानंतर तिनं थोरलीशी बोलणं टाकलं. थोरलीही मानी, तिनंही दार ठोठावलं नाही. मुलगा वर्षातून एकदा येई, दोन्ही मजल्यांवर जेवे, आणि जाई. अबोला तसाच. पाणी आलं, गॅसवाला आला, टाकी धुवायची आहे, असले निरोप नवऱ्यांच्या तोंडून वर-खाली जायचे.

तर थोरलीच्या मेणबत्त्या आता चांगल्या निघू लागल्या होत्या. कोपऱ्यापलीकडे एका बाईचं फुलांचं दुकान आहे. तिथे ड्रायव्हरनं बायकोला न विचारता दोन मेणबत्त्या नेऊन ठेवल्या. फुलवालीनं त्या फुलांच्या बादल्यांमध्ये मांडल्या, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही गेल्या. मग आणखी चार गेल्या. मग एक दिवस फुलवाली स्वतःच थोरलीच्या दारात उभी.

"एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झालीत," ती म्हणाली. "मुलं मोठं जेवण देतायत. सगळ्या टेबलांवर उंच मेणबत्त्या हव्यात, गडद लाल. तुमच्याच. मी शब्द देऊन बसलेय."

"मला विचारायच्या आधीच?"

"तुमच्या ड्रायव्हरसाहेबांना विचारलं होतं."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो एकदम कॅलेंडरातल्या तारखा मोजण्यात गुंतला.

नवे उंच साचे आले. गंमत अशी की ते ओट्यावर मावत नव्हते. ओट्याच्या वरचं फडताळ आडवं यायचं आणि ओतायला हात पोचायचा नाही. म्हणून ते दाराजवळच्या टेबलावर मांडले. मेण कढत केलं, साचे शेकले, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी पहिली लाल मेणबत्ती साच्यातून सुळकन बाहेर आली, आणि थोरलीनं कपाळाला हात लावला.

एका बाजूला नक्षी अशी, की पाहत राहावं. दुसऱ्या बाजूला मात्र टक्कल. फिकट, निस्तेज, वरपासून अर्ध्यापर्यंत पसरलेला चट्टा. दुसरी काढली, तीच गत. तिसरी, चौथी, सगळ्या एका अंगानं राण्या आणि एका अंगानं भिकारणी.

"भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या," ड्रायव्हर म्हणाला.

"टेबलाच्या मधोमध भिंत कुठून आणू?"

ती सगळं पुन्हा तपासायला लागली. रंग कमी केला. साचे कापडानं इतके घासले, की त्यात तोंड दिसावं. मेण आणखी तापवलं. चट्टा जागचा हलेना. मग तिला इस्पितळातली गोष्ट आठवली. एकदा सगळ्या चादरींवर एकाच जागी डाग यायचा. सगळे साबणाला शिव्या देत होते, आणि निघाला तो इस्त्रीच्या मशीनचा एक रूळ. तिनं खडूनं प्रत्येक साच्यावर खूण केली. कोणती बाजू खिडकीकडे, कोणती दाराकडे, कोणती ओट्याकडे. दुसऱ्या खेपेला साचे फिरवून ठेवले. टक्कल फिरलं नाही. साचा कसाही ठेवा, चट्टा यायचा तो दाराकडच्याच बाजूला.

म्हणजे दोष साच्यात नव्हता, मेणात नव्हता. जागेत होता.

तिनं एक वात पेटवली आणि फुंकर मारून विझवली. वातीतून धुराची बारीक रेघ निघाली. ओट्याजवळ ती सरळ वर गेली. टेबलाजवळ येताच ती वाकली आणि पार आडवी झाली. थोरली ती वात घेऊन धुराच्या उलट दिशेनं चालत गेली. दार, मग जिन्याची पहिली पायरी. धूर तिच्या तोंडावर येत होता. तिनं वर पाहिलं. जिन्याच्या वळणावरची खिडकी सताड उघडी होती, आणि खिडकीशी, पायरीवर, धाकटी पाठमोरी बसली होती. मांडीवर शिवण, शेजारी कठड्यावर उभा केलेला फोन.

थोरली पाऊल न वाजवता मागे फिरली.

"विस्तव जात नव्हता आमच्यातून," ती नवऱ्याला म्हणाली. "वारा मात्र जातोय."

"मी धाकट्याला सांगतो, खिडकी लावून घ्या म्हणून."

"काही सांगायचं नाही!" थोरली इतक्या जोरात बोलली की तो दचकला. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं, "ती तिथे का बसते ठाऊक आहे ना? वर त्यांच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. तिथे येते, तीही खिडकी उघडी असली तर. जहाजावरून पोराचा फोन कधी येईल याचा नेम नसतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती तिथेच शिवत बसते. आणि मी निरोप पाठवू, माझ्या मेणबत्त्यांना वारा लागतो म्हणून? पोर गेलं ते गेलं, आता त्याचा फोनही मीच बंद करू?"

ड्रायव्हरनं दुसऱ्या वाटा सुचवल्या. साच्यांवर खोकं पालथं घाल. तिनं घातलं. चट्टा थोडा आटला, पण भोकं पाडून मेण भरायला खोकं उचलावंच लागे, आणि तेवढ्यात वारा आपलं काम करून जाई. वरचा पापुद्रा आक्रसून त्याला भेगा पडत. साचे जमिनीवर ठेवून पाहिले, तर तिथे वारा दुप्पट. दार लावून घेतलं तर शेगडीच्या आणि मेणाच्या वाफेनं जीव घाबरा झाला. अर्ध्या तासात तिला दार उघडून पायरीवर बसावं लागलं. "जिन्याच्या तोंडाला पडदा लावूया," ड्रायव्हर म्हणाला, आणि लगेच स्वतःच 'नको' म्हणाला. दोघांनाही ते कळत होतं. जावा बोलत नाहीत, आणि खालच्यांनी जिन्याला पडदा लावला. त्याचा अर्थ वरच्यांनी काय घ्यायचा? आजवर अबोला होता. पडदा लागला की फारकत झाली.

फुलवालीला दिलेली तारीख जवळ येत होती.

एका दुपारी थोरलीनं एप्रनला हात पुसले, त्यातल्या त्यात बरी मेणबत्ती उचलली आणि जिना चढायला लागली. सहा पायऱ्या चढली आणि थांबली. धाकटीनं शिवणातून मान वर केली. टाका अर्धा घातलेला, सुई वरच्या वर.

थोरलीनं मेणबत्ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शेवटी थोरली म्हणाली, "त्याचा फोन साधारण कधी येतो?"

धाकटीचे डोळे बारीक झाले. "का? त्यानं सांगितलं नाही का तुम्हाला? तुम्हाला तर सगळं आधी कळतं, जाऊबाई."

पूर्वी ती ताई म्हणायची. 'जाऊबाई' हा शब्द सुईसारखा आत गेला. थोरलीनं तो गिळला.

"या खिडकीचा वारा खाली माझ्या मेणबत्त्यांना लागतो," ती म्हणाली. "म्हणून—"

"म्हणून खिडकी लावून घेऊ?"

"नाही. खिडकी अजिबात लावू नकोस. तेच सांगायला आले. फोन कधी येतो ते कळलं असतं, तर ती वेळ सोडून मी मेण ओतलं असतं. थोडा वेळ खिडकी लावली असतीस, आणि मग पुन्हा उघडली असतीस. पण नेम नसेल तर राहू दे. मी फुलवालीला नाही म्हणून सांगेन."

धाकटी तिच्याकडे पाहत राहिली. भांडायला म्हणून तिनं सगळी तयारी केली होती, आणि समोरून भांडणच येईना. तिची नजर मेणबत्तीवर गेली.

"काय झालंय तिला?"

"बघ ना."

धाकटीनं मेणबत्ती हातात घेतली. नक्षीच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि ते क्षणभर तिथेच राहिलं. मग ती उलटी केली आणि तोंड वाकडं केलं. "शी! हे काय? कोड फुटल्यासारखं."

"तो तुझा वारा."

"माझा कसला वारा! खिडकीचा आहे." ती पुन्हा पुन्हा मेणबत्ती फिरवत होती. हाताला सवयच होती; कपडा हातात आला की आधी उलटी बाजू पाहायची. "आणि एवढे दिवस गप्प राहिलात? माणसानं सांगावं ना."

हे बोलून गेल्यावर दोघींनाही त्या वाक्याचा दुसरा अर्थ कळला. धाकटीनं मान वळवली. थोरली पायरीवरच टेकली.

"त्यानं शपथ घातली होती गं," ती म्हणाली.

"मोडायची होती. मी आई आहे त्याची."

"मोडली असती, तर तो पुढचं मलाही न सांगता गेला असता. मग या घरात कुणालाच कळलं नसतं, की तो रात्र रात्र झोपत नाही, तुला सोडून जायचं म्हणून रडतो."

धाकटीच्या हातातली मेणबत्ती थांबली. "रडत होता?"

"माझ्या स्वयंपाकघरात बसून. त्या टेबलाशी."

खिडकीतून वारा येत होता. धाकटीच्या मांडीवरचं छोटं झबलं उडून दोन पायऱ्या खाली गेलं; थोरलीनं ते उचलून तिच्या हातात दिलं.

"माझा राग गेलेला नाही," धाकटी म्हणाली.

"असू दे की. मी कुठे जा म्हणतेय त्याला?"

यावर धाकटीला हसू आलं की काय ते कळलं नाही, कारण ती तेवढ्यात उठून वर गेली. थोरलीला वाटलं, संपलं. ती खाली येऊन भांडी आवरायला लागली. थोड्या वेळानं जिन्यावरून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. धाकटी एक भलामोठा जुना पडदा खांद्यावर टाकून उतरत होती; जाड, दुहेरी कापडाचा, खाली वजनाला शिसं शिवलेला. तिच्या तोंडात चार टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते.

"आमच्या जुन्या बैठकीतला," ती कशीबशी म्हणाली. "जिन्याच्या तोंडाला लावू. वर खिडकी उघडी राहील, खाली वारा येणार नाही. स्टूल आहे का, ताई?"

थोरली स्टूल आणायला आत गेली आणि स्टूल समोर असूनही दोनदा शोधत राहिली. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. मेणाची वाफ असावी.

संध्याकाळी दोन्ही भाऊ चहा घेऊन पायरीशी आले आणि जागीच थबकले. जिन्याला पडदा! धाकट्याचा चेहरा पडला. "दादा, म्हणजे आता इथवर आलं?" तो हळूच म्हणाला. एवढ्यात पडद्यामागून दोन बायकांचं भांडण ऐकू आलं.

"एवढं तापवतात का? जळेल ना!"

"तापवावंच लागतं. तू सुई धर आणि गप्प बस."

"गप्प कशी बसू, आताच कुठे तोंड उघडलंय."

दोघे भाऊ पडद्यापलीकडच्या पायरीवर बसले आणि त्यांनी तो चहा अगदी हळूहळू, आवाज न करता प्यायला.

पडद्यानं सगळी जादू झाली असं नाही. पहिली खेप निघाली ती चट्ट्याविना, पण तळाशी बारीक बारीक खड्डे. हवेचे बुडबुडे. थोरली मेण उंचावरून धार धरून ओतायची, धाकटीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "चहा गाळताय का? कडेनं सोडा की, अलगद." कडेनं सोडल्यावर खड्डे गेले. साच्यावर बोटानं टिचक्या मारून अडकलेले बुडबुडे वर काढायचं थोरलीनं स्वतःच शोधलं. मेणबत्त्यांच्या कडेला साच्याच्या सांध्याची जी रेघ उठायची, ती चाकूनं तासली तर नक्षी खरवडली जायची. ती रेघ धाकटीनं जुन्या नायलॉनच्या मोज्यानं चोळून चोळून घालवली. तिची बोटं बारीक आणि सवयीची. थोरलीची जाड, वाफेनं राठ झालेली. एकीनं ओतावं, दुसरीनं पुसावं, अशी वाटणी कुणी न ठरवता झाली.

मध्येच एकदा वरून फोन वाजला. धाकटी हातातला मोजा टाकून पडदा सारून धावली. थोरली साच्याजवळून हलली नाही. पापुद्रा धरत होता. वर बोलण्याचा आवाज येत राहिला, मग धाकटीची हाक आली, "ताई, तो विचारतोय, तुम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात काय करताय म्हणून! काय सांगू?"

"सांग, भोकं पाडतोय म्हणून!"

वरून धाकटीचं हसू आलं आणि फोनमधून, दूर कुठल्यातरी समुद्रावरून, बारीक चिरका असा पोराचाही आवाज आला. काय म्हणाला ते थोरलीला कळलं नाही. तिनं मान खाली घातली आणि वातीच्या भोवती चारही भोकं अगदी नीट पाडली.

लाल मेणबत्त्या वेळेवर गेल्या. ड्रायव्हरनं त्या इतक्या सावकाश गाडी चालवून पोचवल्या, की मागच्या सगळ्यांनी भोंगे वाजवले. फुलवालीनं दोघी जावांना हॉलच्या मागच्या दारातून आत नेलं आणि एका खांबाशी उभं केलं. दिवे मंद झाले, टेबलांवरच्या ज्योती पेटल्या. आतून उजळल्यावर लाल मेणातली नक्षी दिसायला लागली. एकेक पीस, एकेक पाकळी. पन्नास वर्षं संसार केलेल्या म्हातारबाईंनी समोरच्या मेणबत्तीला हात लावून पाहिला, नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्यानंही हात लावून पाहिला.

"सगळीकडून सारखी आहे का बघतायत वाटतं," धाकटी कुजबुजली.

"आहे," थोरली म्हणाली. "मी दोनदा फिरवून पाहिलीय."

आता फुलवालीच्या दुकानात एक अख्खा कप्पा त्यांचाच आहे. हिरवा रंग अजून दोघींना दाद देत नाही. त्यात नक्षी धुक्यासारखी पुसट येते आणि त्यावरून रोज वाद होतो. थोरली म्हणते रंग जास्त झाला, धाकटी म्हणते मेण कमी तापलं, आणि दोघी मिळून दोष देतात हिरव्याला. अबोल्याची ती वर्षं कुठे गेली असं नाही. कधीकधी धाकटी बोलता बोलता गप्प होते, आणि थोरली तिला तेवढा वेळ देते. मग कुणीतरी म्हणतं, पाणी उकळलं बघ.

गेल्या आठवड्यात धुलाई विभागातल्या दोन जणी आल्या. त्याही नुकत्याच निवृत्त झालेल्या, हातांचं काय करायचं ते न कळलेल्या. थोरलीनं त्यांना टेबलाशी बसवलं आणि एकेक साचा दिला. त्यांना हवं तसं करू दिलं, मध्ये बोलली नाही. धाकटीच्या ओठांवर शब्द येत होते, पण थोरलीनं तिला डोळ्यांनी दटावलं. मेणबत्त्या निघाल्या, त्या साबणाच्या वड्यांसारख्या. दोघींचे चेहरे उतरले.

"अगं, छान!" थोरली म्हणाली आणि एक मेणबत्ती उजेडात धरून तिनं खुर्ची पुढे ओढली. "या, जवळ या. कुठे बिघडलीय ते बघू आधी."